उभ्याचं काम

रम्या बसली. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता, रेशमी साड्यांचा मजला माणसांनी गच्च भरला होता, लग्नाची खरेदी करायला आलेल्या मंडळींनी उलगडायला लावलेल्या साड्यांचा काउंटरवर ढीग झाला होता, आणि त्या ढिगामागे सकाळपासून उभी असलेली रम्या हातातली साडी खाली न ठेवता मागं सरकली, स्टुलावर बसली आणि बसल्या बसल्याच पदर पसरून दाखवू लागली. गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही आलं नाही. त्या बाईनं फक्त मान जराशी खाली केली आणि काठाची जर खरी आहे का, असं विचारलं. पण जिन्याशी उभ्या असलेल्या वसुमतीच्या नजरेतून ते सुटलं नाही. शेजारच्या काउंटरवरच्या मुलींचे हात क्षणभर थांबले आणि मग उगाचच भराभर चालू लागले. वसुमतीनं नकळत वर पाहिलं. छतातला कॅमेऱ्याचा काळा गोल होता तिथंच होता. तिनं वाट पाहिली. इंटरकॉम वाजला नाही, कुणी खाली आलं नाही, कुणाचा आवाज चढला नाही. रम्यानं ती साडी विकली, उठली, उरलेल्या साड्यांच्या घड्या घातल्या आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं. काहीच झालं नाही, आणि ते काहीच न होणं दिवसभर वसुमतीच्या मानेवर बसून राहिलं. एखाद्या खोलीत शिरल्यावर आतली माणसं बोलायची थांबली आहेत असं वाटावं, तसं.

या मजल्याची ती सुपरवायझर होती. तंजावरातल्या या मोठ्या दुकानात ती मुलगी असतानाच लागली आणि इथंच तिचे केस पिकले. स्टुलं आली तेव्हाचं तिला चांगलं आठवत होतं. दुकानात उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय दिलीच पाहिजे असा कायदा सरकारनं केला, तेव्हा अप्पांनी, तिच्या वडलांनी, पेपरातली ती बातमी तिला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवली होती. आणि खरोखरच स्टुलं आली, प्रत्येक काउंटरमागं एक, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. मॅनेजर सुब्रमण्यमनं सगळ्यांना गोळा करून हसत सांगितलं होतं, ‘‘कायद्यानं ठेवायला सांगितलंय, आपण ठेवलंय. गिऱ्हाईक समोर असताना बसायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवा.’’ त्यानंतर कुणी काही ठरवलं नाही. मुली सकाळी येऊन स्टुलं पुसत, त्यांच्यावर पाण्याच्या बाटल्या ठेवत. वसुमतीच्या पोटऱ्यांवरच्या शिरा जांभळ्या होऊन दोरीसारख्या वर आल्या होत्या. घरी गेल्यावर ती जमिनीवर पाठ टेकून पाय भिंतीला वर लावून पडायची, आणि पायांतून काहीतरी जड, गढूळ असं हळूहळू खाली उतरत येतंय असं तिला वाटायचं. पण दुकानात बसावं हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. बसायला मनाई कधी नव्हतीच. म्हणूनच ते इतकं अशक्य होतं.

त्या संध्याकाळी राजवाड्यामागच्या, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेल्या मराठी घरांच्या गल्लीतून घरी जाताना तिला सारखं वाटत होतं की रम्याऐवजी आपणच बसलो होतो आणि ते सगळ्यांनी पाहिलं. घरी वेंकटराव, म्हणजे अप्पा, खांद्यावर तुंडूचा पंचा टाकून दाराशी बसले होते. ते कामगार खात्यात इन्स्पेक्टर होते. निवृत्त होऊन किती वर्षं झाली हे त्यांनाच आता सांगता येत नसे. दिवसभर एक शेजारीण त्यांच्याकडे बघायची, आणि वसुमती आली की ते तिला हाताखालचा माणूस समजून विचारत, ‘‘आज कोठें इन्स्पेक्शन होतें?’’ तिनं कुठलं तरी नाव सांगावं, मग त्यांनी कापी, म्हणजे कॉफी, पीत एकेक कायदा म्हणायला लागावं. किमान वेतन, वेतन अदायगी, कारखाने, प्रसूती, कंत्राटी कामगार, समान मोबदला, बोनस, विमा. सालासकट. दुसऱ्या घरांतून स्तोत्रं ऐकू येत त्या वेळी लहानपणीही या घरातून हेच ऐकू येई, आणि ती तेव्हा समजायची की ही नावं आहेत तोवर जगात कुणाला काही होणार नाही. मग एक दिवस तिरुवैयारूच्या रस्त्यावरची ती भाताची गिरणी आली. सुट्टीचे दिवस म्हणून अप्पांनी तिला बरोबर नेलं होतं आणि जीपमध्ये बसवून ठेवलं होतं. कंटाळून ती उतरली आणि गिरणीच्या मागल्या अंगाला गेली. मागचं दार उघडलं आणि त्यातून मुली बाहेर आल्या, तिच्याच वयाच्या, तिच्याहूनही लहान, तोंडावर कोंडा बसून पांढऱ्या झालेल्या. एकामागून एक त्या कालव्याच्या कडेला उतरल्या आणि पाण्यात घोटाभर पाय ठेवून ओळीनं उभ्या राहिल्या. तपासणीची जीप आली की असंच लपायचं. त्यांना ते ठाऊक होतं, जागासुद्धा ठरलेल्या होत्या. परतताना जीपमध्ये तिनं सगळं अप्पांना सांगितलं. अप्पांनी मान वळवली नाही. रस्त्याकडे बघत ते म्हणाले, ‘‘माहीत आहे.’’ एवढंच. त्या दोन शब्दांचा थंडपणा अजून तिच्या अंगात कुठंतरी होता, आणि आज दुकानात काहीच झालं नाही तेव्हा तोच थंडपणा हलला होता, हे तिला पाय भिंतीला लावून पडल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सुब्रमण्यमनं तिला केबिनमध्ये बोलावलं. तो उठून उभा राहिला, खुर्ची पुढं केली. त्याच्या मागच्या पडद्यावर दुकानाचे सगळे मजले छोट्या छोट्या चौकोनांत हलत होते.

‘‘मॅडम, रम्याला कितवा महिना?’’

वसुमतीला माहीत नव्हतं. म्हणजे तिनं स्वतःला माहीत होऊ दिलं नव्हतं. रम्या पदर पुढं ओढून घ्यायला लागली होती हे तिनं पाहिलं होतं आणि पाहून सोडून दिलं होतं.

‘‘पाचवा असेल,’’ सुब्रमण्यम स्वतःच म्हणाला. ‘‘चालण्यावरून कळतं. तुम्ही तिच्याशी बोला. तुमचं ऐकेल ती, अक्का म्हणते तुम्हाला. तिला म्हणावं, आपणहून राजीनामा दे, घरी आराम कर. बाळ मोठं झालं की परत ये. नव्यानं घेऊ. आधीच्या मुलींनी असंच केलं ना?’’

असंच केलं होतं. कनकलता होती, त्याआधीची एक होती. त्यांच्याशीही वसुमतीच बोलली होती, आणि त्या बोलण्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं, कारण सगळं इतक्या मायेनं, इतक्या हळू आवाजात होत होतं. परत कुणी आलं नव्हतं. ‘‘आणि ती नाही म्हणाली तर?’’ तिनं विचारलं.

सुब्रमण्यम तिच्याकडे बघत राहिला, जणू त्याला प्रश्न नीट ऐकू आला नव्हता. मग हसला. ‘‘नाही कशाला म्हणेल?’’

जेवणाच्या सुट्टीत मुली गच्चीवर पत्र्याच्या सावलीत डबे खात. रम्या पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. तिरुवैयारूहून रोज टाउन बसनं यायची, नवरा तिरुप्पूरला होजियरीत. वसुमती तिच्याशेजारी बसली तशा बाकीच्या मुली हळूच सरकल्या.

‘‘काल चक्कर आली होती का?’’

‘‘नाही, अक्का.’’

‘‘मग?’’

‘‘पाय दुखत होते. म्हणून बसले.’’ रम्यानं ताकभाताचा घास घेतला. ‘‘तुम्हाला मला काय सांगायला पाठवलंय ते मला ठाऊक आहे. सांगा.’’

वसुमतीनं बोलायला तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, वापरून गुळगुळीत झालेलं. खालच्या रस्त्यावर बस भोंगा वाजवत गेली. पत्रा तापून तडतडत होता. आणि आपल्या तोंडून निघणारे शब्द कानावर पडले तेव्हा तिला कळलं की हे आपलं नाही, अप्पांचं बोलणं आहे. घरच्या मराठीतून तमिळमध्ये भाषांतर होऊन येतंय. बाळंतपणाची पगारी रजा हक्काची आहे. गरोदर आहे म्हणून काढता येत नाही. जड काम, फार वेळ उभं राहायचं काम देता येत नाही. लेखी अर्ज दे, पोच घे. ती बोलत राहिली. रम्या खायची थांबली होती.

‘‘हे खरं आहे, अक्का?’’

‘‘खरं आहे.’’

‘‘मग कनकलताअक्काला का नाही मिळालं?’’

रम्यानं डबा बंद केला आणि म्हणाली, ‘‘मी अर्ज देते. माझ्याबरोबर या तेवढं.’’

ती बरोबर गेली. सुब्रमण्यमनं अर्ज घेतला, वाचला, रम्याला तब्येतीचं विचारलं, वसुमतीसाठी कापी मागवली. तिनं ती तशीच ठेवली. त्या दिवसापासून दुकानात कुणी तिला वाकडा शब्द बोललं नाही. फक्त ती जवळ आली की काउंटरवरचं बोलणं तुटायचं. सकाळी सुब्रमण्यम सगळ्यांना नमस्कार करायचा त्यात तिलाही करायचा, आणि त्यात काहीच कमी नसायचं, तरी ती तो नमस्कार दिवसभर उलगडून बघत राहायची. दिवाळी संपली. नोव्हेंबरात बातमी आली की देशातले जुने कामगार कायदे गेले, सगळे मिळून चार संहिता झाल्या, आता इन्स्पेक्टर नुसता तपासणार नाही, मालकाला मार्गदर्शनही करणार. शेजारणीच्या टीव्हीवर ते चाललं होतं. अप्पा ऐकत होते. मग त्यांनी शांतपणे एकेक कायदा म्हणायला सुरुवात केली, सालासकट, आणि वसुमती भांडी घासता घासता ऐकत राहिली. ते म्हणत होते त्यातला एकही आता त्या नावानं उरला नव्हता. आतली कलमं नव्या जागी आली होती म्हणे. पण अप्पांचा आवाज तिला रिकाम्या घरात कुणी नावं घेऊन हाका मारावी तसा वाटला, आणि तिनं नळ मोठा सोडला.

दुकानात स्टाफच्या दाराशी नव्या संहितांचा बोर्ड लागला, काचेत, तमिळ आणि इंग्रजीत. त्याच आठवड्यात सगळ्यांना नवी ओळखपत्रं मिळाली. जुन्या लाल फितीऐवजी निळी फीत आणि दुकानाऐवजी कुठल्याशा एजन्सीचं नाव. ‘‘काम तेच, पगार तोच,’’ सुब्रमण्यम म्हणाला. ‘‘नुसतं नाव बदललंय.’’ मुलींनी सह्या केल्या. रम्याचं ओळखपत्र आलं नाही. सिस्टिममध्ये अडकलंय, उद्या येईल, असं होत राहिलं, आणि एका सकाळी रम्या आली तेव्हा वॉचमननं तिला दारात थांबवलं. तो रोज तिच्याशी पोराबाळांच्या गोष्टी करणारा म्हातारा. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, निळी फीत दाखवा. वसुमतीनं वरच्या काचेतून पाहिलं. रम्या थोडा वेळ फुटपाथवर उभी राहिली, एक हात कमरेवर ठेवून. मग तिनं वर पाहिलं.

रम्यानं तक्रार केली. पोंगलनंतर कामगार कार्यालयात सुनावणी लागली आणि रम्यानं साक्षीला वसुमतीचं नाव दिलं. आदल्या दिवशी सुब्रमण्यमनं तिला काही सांगितलं नाही, धमकावलं नाही. फक्त जाताना म्हणाला, ‘‘वडलांना सांभाळता एकट्या, मला फार कौतुक वाटतं.’’ रात्रभर ते वाक्य तिच्या उशाशी होतं. कार्यालयात दुकानाचा वकील म्हणाला की ही बाई आमची नव्हेच, एजन्सीची. एजन्सीचा माणूस म्हणाला, आमच्याकडे ती रुजूच झाली नाही. आणि ज्या कायद्याखाली अर्ज केलाय, वकील पुढं म्हणाला, तोही आता अस्तित्वात नाही. अधिकारी बाई तरुण होत्या, चष्मा पुसत म्हणाल्या, कलम बदललं, हक्क तोच आहे. मग त्या वसुमतीकडे वळल्या. ‘‘तुम्ही हिला ओळखता?’’

इतका साधा प्रश्न असेल असं तिला वाटलं नव्हतं. रम्या समोर बाकावर होती, पाय सुजलेले, चप्पल काढून ठेवलेली. पंखा फिरत होता. खिडकीबाहेर कुणीतरी कागदांची थप्पी बांधत होतं. ओळखत नाही असं म्हटलं तर काय होईल हे वसुमतीनं पाहिलं, अगदी स्पष्ट पाहिलं. काहीच होणार नाही. सगळे घरी जातील. ‘‘ओळखते,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या मजल्यावर होती. आमच्या दुकानातच लागली, मीच शिकवलं तिला साडी धरायला.’’ आणि एकदा सुरू झाल्यावर ती थांबली नाही. निळ्या फितीचं सांगितलं, राजीनाम्याचं सांगितलं, कनकलतेचं नावही घेतलं. बोलून झालं तेव्हा वकिलाशेजारी बसलेला सुब्रमण्यम तिच्याकडे बघून मान डोलवत होता, जणू ती शाळेत चांगलं भाषण करून आली होती.

निकाल रम्याच्या बाजूनं लागला. रजा मिळाली, पगार मिळाला. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला मुलगी झाली, वसुमती तिरुवैयारूला जाऊन बघून आली. रम्या म्हणाली, मी परत येणार, अक्का, कायद्यानं त्यांना घ्यावंच लागेल. मुलीच्या बंद मुठीत वसुमतीनं बोट घातलं आणि होय म्हणाली. बसमध्ये परतताना कावेरीच्या पुलावरून खाली पाहिलं तर वाळूच वाळू होती आणि मधे थोडंसं चमकणारं पाणी, आणि तिला आनंद होईना. आपण जिंकलो, हे ती स्वतःला सांगत होती. पण कुणीतरी आपल्याला जिंकू दिलं, असंच आतून वाटत राहिलं.

रजेवरून परत यायच्या आधीच रम्याची जागा भरली गेली. रम्याचीच नव्हे, हळूहळू सगळ्यांची. लग्न झालेल्या मुलींचे एजन्सीशी करार संपले, ते पुन्हा झाले नाहीत, आणि एका सकाळी पांढऱ्या व्हॅनमधून नव्या मुली उतरल्या. सगळ्या अठरा-एकोणीसच्या, दूरदूरच्या राज्यांतून आणलेल्या. त्यांना तमिळ येत नव्हतं. आधार, वयाचे दाखले, करार, सगळं चोख होतं. दुकानामागच्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांना राहायला जागा दिली होती. सकाळी त्या ओळीनं दुकानात येत, संध्याकाळी ओळीनं परत जात. रविवारी जिन्यातलं लोखंडी दार बंद असे. त्या दाराची किल्ली सुब्रमण्यमनं वसुमतीच्या हातावर ठेवली.

‘‘आजपासून तुम्ही मजल्यावर नाही. यांच्याकडे बघायचं. अनोळखी गाव, वयातल्या पोरी. त्यांची सुरक्षितता ही मालकाची जबाबदारी आहे, नव्या कायद्यातच आहे ते. आणि कायदा तुमच्याइतका आमच्यात कुणाला माहीत आहे?’’

ती नाही म्हणू शकली असती. घरी अप्पा होते, शेजारणीला पैसे द्यायचे होते. पण तेवढंच नव्हतं. आपण असू तर त्या मुलींना त्यातल्या त्यात बरं, दुसरं कुणी असलं तर काय करेल, असं तिनं स्वतःला समजावलं. ते समजावणं इतकं सोपं गेलं की तिलाच भीती वाटली. किल्ली तिनं पर्समध्ये टाकली. मुलींचे फोन सुब्रमण्यमच्या कपाटात होते, फक्त रात्री जेवणानंतर मिळत. गरम होतं म्हणून रविवारी दुपारी त्या जिन्यात येऊन बसत, दाराच्या गजांना गाल लावून, कारण लोखंड गार असे. वसुमती अलीकडे खुर्चीवर. कुणाला कुणाची भाषा येत नाही असंच तिनं धरलं होतं, आणि तिला ते बरंही वाटत होतं.

त्या रविवारी दुपारी अप्पांचा फोन आला. शेजारणीनं लावून दिला होता. ‘‘कोठें आहेस? जेवण झालें काय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘झालं, अप्पा. दुकानाच्या कामानं आले आहे. सांजेस येते.’’

‘‘इन्स्पेक्शन?’’

‘‘हो की.’’

‘‘मागचें दार पाहिलेंस?’’

तिनं बंद दाराकडे पाहिलं. मग फोन ठेवला. गजांपलीकडून कुणीतरी तिच्याकडे टक लावून बघत होतं. सावळी, किडकिडीत मुलगी, केसांना रबर गुंडाळलेलं.

‘‘ताई, तुमी मराठी बोलता?’’

वसुमती खुर्चीवरून उठली. ही भाषा तिच्याशी आजवर फक्त घरच्यांनी, सोयऱ्यांनी, या चार गल्ल्यांतल्या माणसांनी बोलली होती. परक्या माणसाच्या तोंडून ती तिनं कधी ऐकली नव्हती. चाल निराळी होती, शब्दांची टोकं निराळी, तरी प्रत्येक शब्द आत शिरत होता.

‘‘तुझं नाव काय?’’

‘‘सुगंधा. गडचिरोलीची हाव मी.’’ मुलगी गजांना धरून उभी राहिली होती. ‘‘इतले दिवस झाले, तुमी बोललाच नाई. दार उघडून द्या नं, ताई.’’

‘‘कुठं जायचंय? काही हवंय का? मी आणून देते.’’

‘‘काई नाई पायजे.’’ तिनं मान हलवली. ‘‘दिवसभर उभं राहून राहून पाय दगड झाले. नुसतं चालाचं हाय. दूरवर.’’

मागच्या मुलींना शब्द कळत नव्हते, पण त्या एकेक करून उठल्या होत्या. जिन्याच्या वळणावर छताला चिकटवलेला काळा गोल होता. वसुमतीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि प्रथमच तिच्या लक्षात आलं की आपण त्याच्याकडे रोज पाहतो. तिनं पर्स उघडली. किल्ली लवकर बसेना. गजांमागच्या मुली जराशा मागं सरकल्या. कुलूप उघडल्याचा आवाज त्या जिन्यात फार मोठा झाला.

मुली लगेच बाहेर आल्या नाहीत. सुगंधानं आधी एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवला, मग दुसरा. मग सगळ्या चपला फटफटवत उतरल्या. वसुमती त्यांच्याबरोबर उतरली. रस्त्यावर ऊन पांढरंफटक होतं, या बाजूची बहुतेक दुकानं बंद होती. मुली पहिल्यांदा भिंतीला धरून, सवयीनं ओळ करून चालल्या. हळूहळू ओळ मोडली. एकीनं हात लांब केले. दुसरी कशालाशी हसली. रस्ताभर त्या पसरून चालू लागल्या, आणि वसुमतीच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. थांबला. पुन्हा वाजायला लागला. तिनं नाव पाहिलं नाही.

‘‘कुठवर जावाचं, ताई?’’ सुगंधानं विचारलं.

वसुमतीला माहीत नव्हतं. सोमवारी काय होईल तेही माहीत नव्हतं. कामगार कार्यालय आज बंद होतं, पण त्या तरुण अधिकारी बाईंचं घर तिकडेच कुठंतरी असल्याचं तिनं ऐकलं होतं, आणि विचारलं तर कुणीतरी सांगेल. ‘‘अजून थोडं पुढं,’’ ती म्हणाली.

चौकात वळताना मागं इंजिनाचा आवाज आला. पांढरी व्हॅन गल्लीतून बाहेर पडली होती. ती पुढं आली नाही, भोंगा वाजवला नाही, त्यांच्याच चालीनं मागून येत राहिली. मुलींचं हसणं विरलं. पुन्हा त्या एकमेकींना चिकटू लागल्या. सुगंधानं मान वळवायला सुरुवात केली तेव्हा वसुमतीनं तिचा हात घट्ट धरला.

‘‘मागं बघू नकोस,’’ ती म्हणाली. ‘‘चल.’’